घरोट, उपणणी आणि तंत्रशाळा

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. नावाची पाटी बदलली, पदवीपत्रावरचा मजकूर बदलला, प्रांगणात आनंद झाला. तो योग्यच होता. मात्र नाव देणे म्हणजे वाचणे नव्हे. बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने त्यांना कसे वाचले, हा प्रश्न मराठी विभागाला विचारण्याची आपली रीत आहे. या लेखात तो प्रश्न त्याच आवारातील रसायन तंत्रज्ञान संस्थेला विचारायचा आहे.

पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाल्यापासून तीन जिल्ह्यांचे. खानदेशात अभियांत्रिकी महाविद्यालये इतरही आहेत. पण ही संस्था संलग्न महाविद्यालय नाही, विद्यापीठाची स्वतःची शाळा आहे. तिथे रासायनिक अभियांत्रिकीबरोबर तेल, रंग, प्लास्टिक आणि अन्न या विषयांतील तंत्रज्ञान शिकवले गेले. ही यादी म्हणजे जवळजवळ जळगावच्या औद्योगिक वसाहतीचा नकाशा आहे: डाळ मिल, तेल गिरण्या, पीव्हीसी पाइप, प्लास्टिकच्या चटया, केळी आणि तिच्यावरची प्रक्रिया. आज संगणक क्षेत्रात जगभर ओळखली जाणारी विप्रो ही कंपनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या मातीत तेलाचे तंत्रज्ञान शिकवणे किती स्वाभाविक आहे, हे कळते.

महाराष्ट्रात या जातीच्या दोन वडील संस्था आहेत. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ सालचा. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था १९४२ सालची, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला ठेवलेल्या देणगीतून उभी राहिलेली. दोन्ही संस्था मोठ्या झाल्या आणि दोन्ही मातृविद्यापीठापासून वेगळ्या झाल्या. मुंबईची २००८ साली अभिमत विद्यापीठ झाली, नागपूरची २०२३ साली स्वतंत्र विद्यापीठ. स्वायत्ततेचे फायदे उघड आहेत. परीक्षा, नेमणुका, निधी यांत हात मोकळा होतो. पण वेगळे होताना एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे शेजार. जळगावच्या संस्थेला तो शेजार अजून आहे. त्याच प्रांगणात भाषांची प्रशाळा आहे. या शेजाराचा उपयोग काय, याचे उत्तर मला बहिणाबाईंच्या गाण्यांत सापडते.

बहिणाबाईंचा काळ १८८० ते १९५१. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. तेव्हापासून आपल्या समीक्षेने त्यांच्यावर दोन शिक्के मारले: निसर्गकन्या आणि जीवनाचे तत्त्वज्ञान सांगणारी. दोन्ही खोटे नाहीत. पण या शिक्क्यांखाली तिसरी बहिणाबाई झाकली गेली. ती म्हणजे काम कसे होते, हे नेमके पाहणारी आणि त्याच क्रमाने सांगणारी.

‘पेरणी’, ‘कापणी’, ‘रगडणी’, ‘उपणणी’ ही गाणी एकामागून एक वाचून पाहावीत. शीर्षके क्रियांची आहेत, भावनांची नाहीत. कणसातून दाणा सुटा करणे ही एक क्रिया, सुटा झालेला दाणा भुशापासून वेगळा करणे ही दुसरी. पहिलीला बैलाच्या पायांचा दाब लागतो, दुसरीला वारा. उपणणीत त्या वाऱ्याला खळ्याकडे बोलावतात, कारण वाऱ्यावाचून ती क्रिया होतच नाही. दाणा जड, तो सरळ खाली येतो. भुसा हलका, तो वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडतो. तंत्रशाळेच्या फळ्यावर हेच हवेच्या झोताने होणारे वर्गीकरण म्हणून समीकरणासह येते.

रासायनिक अभियांत्रिकी ही वेगळी विद्याशाखा म्हणून उभी राहिली ती याच दृष्टीवर. १९१५ साली आर्थर लिटल यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेपुढे मांडले की कोणताही रासायनिक उद्योग घ्या, तो दळणे, वाळवणे, गाळणे, आटवणे अशा मोजक्या क्रियांच्या मालिकेत उलगडता येतो. या क्रियांना त्यांनी ‘युनिट ऑपरेशन’ म्हटले. साखर असो की रंग, माल बदलतो, क्रिया त्याच राहतात. १९२३ साली वॉकर, लुईस आणि मॅकॲडम्स यांच्या पाठ्यपुस्तकाने ही कल्पना वर्गात रुजवली. त्या वर्षी बहिणाबाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. बहिणाबाईंना अभियंता ठरवण्याचा हा उद्योग नाही. आमच्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते, ही बढाई तर मुळीच नाही. खळ्यावरचे ज्ञान आणि समीकरण यांत खरा फरक आहे: समीकरण दाण्याचा आकार आणि वाऱ्याचा वेग मोजते, म्हणून शंभर टनांचे यंत्र उभे करू शकते. गाणे ते करत नाही. पण गाणे एक गोष्ट करते जी पाठ्यपुस्तक सहसा करत नाही. क्रिया करणाऱ्या माणसाला ते क्रियेतून वगळत नाही. ‘घरोट’मध्ये जात्यातून पडणारे पीठ आणि पोटातून ओठावर येणारे गाणे ही एकाच श्रमाची दोन फळे आहेत. मोटेच्या गाण्यात दोन मोटा, कणा आणि चाक, नाडा आणि सोंदूर अशा जोड्या लावत त्या पाणी, गती आणि झीज यांच्यातले ऐक्य दाखवतात. झीज! यंत्राचा हिशेब मांडताना अभियंत्याला जी कधी विसरून चालत नाही, ती या बाईने दोरातही पाहिली आणि मोट हाकणाऱ्या माणसावरून नजर हटू दिली नाही. जळगावच्या छापखान्यावरचे त्यांचे गाणेही यंत्राला घाबरून लिहिलेले नाही. त्यात कौतुक आहे, आणि टोमणा आहे तो न शिकणाऱ्या माणसाला.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे येऊ. जळगावच्या डाळ मिलमध्ये तूर आधी खरवडली जाते, तिला तेल चोळतात, उन्हात वाळवतात, मग भरडतात. साल सुटण्यापूर्वी दाणा ‘तयार’ झाला की नाही, हे जुना कारागीर मुठीत घेऊन सांगतो. फटका, चुनी, भरड, कोंडा अशी त्याची शब्दसंपदा आहे. अन्न तंत्रज्ञानाचा विद्यार्थी हीच कृती इंग्रजीत शिकतो, इंग्रजीत अहवाल लिहितो. तो रावेर, शिंदखेडा किंवा शिरपूर तालुक्यातला असेल तर घरी लेवा बोली किंवा अहिराणी बोलतो. त्याच्या घरातला शब्द आणि वहीतला शब्द एकाच दाण्याविषयी आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. परिणामी त्याला वाटते, आपण शून्यापासून सुरुवात केली. हा गैरसमज त्याचे भाषेत नुकसान करतोच, विषयातही करतो. कारण कारागिराला काय विचारायचे हेच त्याला सुचत नाही.

२०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली. तिचा स्वीकार बहुतेक ठिकाणी भाषांतराच्या वाटेने होतो: इंग्रजी ग्रंथ घ्यायचा आणि संस्कृत धातूंवरून नवे शब्द पाडायचे. ‘उपणणे’ हाताशी असताना आपण ‘वायुप्रवाहीय पृथक्करण’ लिहितो. असा मराठी ग्रंथ इंग्रजीइतकाच परका वाटतो, मग मराठीतून शिकणे अवघड असा निष्कर्षही आपणच काढतो.

उपाय भव्य नाही. मराठी धातूंचा कोश रचण्याचे काम करणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. शब्द गोळा करण्याची ही परंपरा विद्यापीठाच्या क्षेत्रातच आहे. भाषा प्रशाळेचा एक विद्यार्थी आणि तंत्रशाळेचा एक विद्यार्थी यांनी मिळून एका डाळ मिलमध्ये, एका तेलघाण्यावर, एका जिनिंगमध्ये बसावे. कारागीर काय म्हणतो ते टिपावे, आणि तो जे मुठीने ओळखतो ते ओलाव्याच्या टक्केवारीत किती भरते, ते मोजावे. भाषेवाल्याला कोश मिळेल, तंत्रवाल्याला संशोधनाचा विषय. मुंबई-नागपूरच्या वाटेने ही शाळाही उद्या वेगळी झाली, तर दोघांना एका बाकावर बसवणे आजच्याइतके सोपे राहणार नाही. वेगळे व्हावे की नाही हा निर्णय ज्यांचा त्यांनी घ्यावा. पण शेजार न वापरताच सोडला, असे होऊ नये.

बहिणाबाईंचे नाव विद्यापीठाला देताना आपण त्यांना मान दिला. त्यांना खरा मान त्या दिवशी मिळेल, ज्या दिवशी तंत्रशाळेतील एखादी मुलगी आपल्या प्रकल्पाच्या अहवालात यंत्राच्या आकृतीखाली, कोणाची परवानगी न मागता, ‘उपणणी’ असे लिहील. आणि परीक्षक तो शब्द खोडणार नाहीत.