शोधणाऱ्याला डोळे द्या

जानेवारी २०२५ मध्ये ‘मार्व्हल रायव्हल्स’मध्ये इन्व्हिजिबल वुमन दाखल झाली. १९६१ पासून कॉमिक्समध्ये गाजलेली ही नायिका गेममध्ये अदृश्य होते कशी? हवेत दुसऱ्यांदा उडी मारली की दिसेनाशी. मारामारीतून काही क्षण बाजूला झाली की पुन्हा दिसेनाशी, वर जखमाही भरून निघतात. किंमत काय, तर कूलडाउन, म्हणजे पुन्हा वापरण्याआधीची सक्तीची प्रतीक्षा. तिने घड्याळाकडे बघायचं आणि समोरच्यानेही घड्याळाकडेच बघायचं. इतकी विलक्षण कल्पना हाती असताना तिचा सगळा हिशेब सेकंदांत उरकायचा, हे मला सहन होत नाही. दोष या एका पात्राचा नाही. ‘ओव्हरवॉच’च्या सोम्ब्राला २०१६ पासून कधी मोजक्या सेकंदांची अदृश्यता मिळाली, कधी बेमुदत. खेळाडू ओरडले की आकडे बदलले, पुन्हा ओरडले की पुन्हा बदलले. मूळ दुखण्याला कोणी हात लावला नाही.

ते दुखणं असं, की अदृश्यता ही लपणाऱ्याची खासगी मालमत्ता मानली जाते. तशी ती नसते. लपणारा आणि शोधणारा या दोघांतला तो व्यवहार असतो, आणि त्यात शोधणाऱ्याचा हिस्सा अर्धा असतो. ‘मिस्टर इंडिया’ पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लाल प्रकाश पडला की अदृश्य नायक दिसतो. तो लाल प्रकाश काढून टाका, मग सिनेमात जादू उरेल, पण धाकधूक उरणार नाही.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये तर शोधणाऱ्याला कधीचंच आंधळं करून ठेवलंय. कमरेएवढ्या गवतात बसलं की पहारेकऱ्याला दिसणं बंद, ही ‘असॅसिन्स क्रीड’ आणि ‘होरायझन’ने रुजवलेली रीत म्हणजे शुद्ध आळस. ‘अर्कहॅम असायलम’ने भिंतीपलीकडचं दाखवणारी नजर देऊन खेळाडूला सर्वज्ञ केलं, आणि सर्वज्ञाला लपावं कशाला लागतं? ‘क्रायसिस’चा नॅनोसूट देखणा खरा, पण तिथेही लक्ष बॅटरीच्या पट्टीवर, शत्रूवर नाही.

माझ्या लेखी लपण्याच्या या कलेचा पाया १९९८ मध्ये लुकिंग ग्लासच्या ‘थीफ’ने घातला. गॅरेट हा चोर. त्याची भिस्त फक्त अंधारावर. स्क्रीनच्या तळाशी एक मणी असतो. उजेडात तो झळाळतो, काळोखात विझत जातो, आणि आपण कितपत दिसतोय ते त्यावरून ओळखायचं. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते, विजेचा दिवा मात्र विझत नाही. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजतं, लोखंडावर तर दणाणतं. मग शेवाळाचा बाण मारून वाटेवर मऊ थर पसरायचा, आणि असे बाण मोजकेच. पहारेकरी थबकतो, स्वतःशी पुटपुटतो, आवाजाच्या दिशेने चालू लागतो. त्याला कान आहेत, डोळे आहेत, संशय आहे. म्हणूनच त्याच्या पाठीमागून हातभर अंतरावरून निसटण्यात काही तरी कमावल्यासारखं वाटतं.

समोर माणूस असताना हेच साधून दाखवलं ‘टीम फोर्ट्रेस २’च्या स्पायने. २००७ चा हा गेम, आणि अजून त्याच्या तोडीचा अदृश्य गडी मला दिसलेला नाही. मनगटावरच्या घड्याळाने तो नाहीसा होतो, पण त्या अवस्थेत हल्ला करू शकत नाही. प्रकट व्हायला वेळ लागतो आणि प्रकट होताना आवाज होतो. शत्रूला नुसता धक्का लागला तरी त्याची आकृती क्षणभर उमटते. आगीने तर पुरताच उघडा पडतो, म्हणून कसलेला पायरो रिकाम्या कोपऱ्यातही ज्वाळेचा एक फवारा मारून पुढे जातो. २००९ मध्ये आणखी दोन घड्याळं आली. एकात स्थिर उभं राहिलं तर हवा तितका वेळ लपता येतं, चाललं की ताकद उतरू लागते. दुसरं खोटं मरण घडवतं, पण प्रकट होताना एवढा गलका करतं की सावध माणूस मागे वळतोच. बघा, प्रत्येक सवलतीबरोबर शोधणाऱ्याच्या हाती एक खूण ठेवली आहे. पाठीत सुरा बसला तरी मरणाऱ्याला कळतं की आपण काय ऐकायला हवं होतं.

‘स्टारक्राफ्ट’चा अदृश्य योद्धा डार्क टेम्पलर याच घराण्यातला. त्याला उघडं पाडणारा डिटेक्टर नसला तर तो कापत सुटतो, पण तो चालताना जमिनीवरची नक्षी किंचित लहरते आणि तेवढं तयार नजरेला पुरतं.

आता आपल्याकडची मुलं जे खेळतात त्याकडे या. बीजीएमआय या बॅटल रॉयाल गेममध्ये शेवटच्या वर्तुळात गवतात पालथं पडणाऱ्याला ‘स्नेक’ म्हणून हिणवतात. पण त्या बिचाऱ्याची फसवणूक कोणाच्या लक्षात येते? त्याच्या स्क्रीनवर चहूकडे दाट गवत असतं. दूरवरचं गवत मात्र फोन रेखाटतच नाही, कारण तेवढं ओझं त्याला पेलत नाही. त्यामुळे लांबून स्कोप लावणाऱ्याला उघड्या माळावर पडलेला माणूस दिसतो. एकाच मॅचमधले दोघं दोन वेगळ्या जगांत वावरतात आणि नियम मात्र एकालाही सांगितलेला नाही. याला तांत्रिक मर्यादा म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. जे झाकण समोरच्याच्या स्क्रीनवर नाही, ते झाकण म्हणून विकू नये.

कंपन्यांचा बचाव ठरलेला आहे. अदृश्य शत्रूने मारलं की नवा खेळाडू वैतागतो, गेम सोडतो, म्हणून अदृश्यतेला सेकंदांची वेसण घालावी लागते. हे निदानच चुकलं आहे. माणूस हरल्याने वैतागत नाही, हरण्याचं कारण न कळल्याने वैतागतो. पाच सेकंदांची बिनखुणेची अदृश्यता अन्यायच करते, आणि खूण सोडणारी अदृश्यता दहा मिनिटं टिकली तरी न्याय्य राहते. वेळ कापून अन्याय कमी होत नाही, तो फक्त लवकर आटोपतो.

इन्व्हिजिबल वुमनच्याच अल्टिमेटमध्ये, म्हणजे तिच्या सर्वांत मोठ्या शक्तीत, वाट दाखवणारी गोष्ट आहे. ती एक जागा झाकते, आतले साथीदार बाहेरच्यांना दिसत नाहीत, पण शत्रूला आत पाऊल टाकता येतं, भले चाल मंदावली तरी. तिथे निदान एक निर्णय घ्यावा लागतो. हे ज्यांना सुचलं, त्यांनी उरलेल्या वेळात उडीच्या बटणावर का भागवावं?

आज पुण्यात ‘इंडस’सारखा बॅटल रॉयाल घडतो, उद्या इथलेच डिझायनर अदृश्य पात्रं रचतील. त्यांना माझं सांगणं एवढंच: आधी शोधणाऱ्याचं काम लिहा, लपणाऱ्याचं नंतर. त्याला ऐकायला काय आहे, कुठे काय लहरतं, कुठला संशय घ्यायला जागा आहे, हे ठरल्याशिवाय कुणालाही अदृश्य करू नका. ते जमत नसेल तर सरळ बंदूक द्या. ती निदान दिसते.