महाराष्ट्र केसरी किताबाची नामावली आणि बुलढाणा जिल्हा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने झाली. १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' हा किताब दिला जाऊ लागला. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील पहिल्या स्पर्धेत सांगलीचे दिनकर दह्यारी विजयी झाले. पुढे या किताबाचा इतिहास म्हणजे विजेत्यांची नामावली असे समीकरणच रूढ झाले. वर्ष, मल्लाचे नाव आणि जिल्हा एवढीच माहिती तीत असते. २०१८ च्या नोंदीत जिल्हा म्हणून बुलढाण्याचे नाव आले. या एका नोंदीच्या आधारे नामावलीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नामावलीतील नोंद खरी असूनही तिच्यावरून काढला जाणारा अर्थ चुकीचा ठरू शकतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बुलढाण्याची नोंद :
डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथे झालेल्या अंतिम लढतीत बुलढाण्याच्या बाला रफिक शेख याने पुण्याच्या अभिजित कटके याच्यावर ११-३ अशी मात केली. अभिजित हा २०१७ चा विजेता होता. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात ही अंतिम कुस्ती होत असते. बाला रफिक मातीवरून आला होता. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी मानाची चांदीची गदा त्यामुळे बुलढाण्याच्या नावावर लागली.

तथापि बाला रफिक हा मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा. त्याची जडणघडण कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली झाली. पुढे त्याने पुण्याच्या हनुमान आखाड्यात सराव केला. १९६० चे हिंदकेसरी आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केलेले आंदळकर सप्टेंबर २०१८ मध्ये निवर्तले. शिष्याच्या हाती गदा आली ती त्यानंतर तीनच महिन्यांनी. म्हणजे या एका विजयामागे सोलापूरचे गाव, कोल्हापूरची तालीम, पुण्याचा आखाडा आणि बुलढाण्याचे प्रतिनिधित्व अशा चार गोष्टी आहेत. नामावलीत त्यांपैकी शेवटची तेवढी उरते.

ही एकमेव घटना नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथे विजेता ठरलेला शिवराज राक्षे हा पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर परिसरातला असून त्याने नांदेडचे प्रतिनिधित्व केले होते. जिल्हानिहाय निवडीत जागा मर्यादित असतात. जेथे तालमी दाट तेथे चुरस अधिक, आणि जेथे विरळ तेथे संधी अधिक, हे ओघानेच येते.

जोडीचा किताब आणि एकट्याचा किताब :
येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. मनोरंजनपर व्यावसायिक कुस्तीत 'टॅग टीम' म्हणजे जोडीच्या कुस्तीचे प्रादेशिक किताब असतात. अमेरिकेत ते विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुजले. त्या कुस्त्यांचे निकाल पूर्वनियोजित असतात, म्हणून आपल्याकडील मल्ल त्यांना कुस्ती मानीत नाहीत आणि ते योग्यच आहे. परंतु त्या किताबांच्या नोंदीची रीत विचारात घेण्याजोगी आहे. प्रतिस्पर्ध्याला चीत कोणीही एकाने केले तरी किताबावर नावे दोघांचीही लागतात.

आपल्या खऱ्या कुस्तीत जोडीदारी नाही असे म्हणता येईल काय? जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांची अंतिम लढत झाली. दोघेही काका पवार यांच्या पुण्यातील तालमीचे पठ्ठे होते. हर्षवर्धन ३-२ असा जिंकला आणि त्याने पराभूत मित्राला खांद्यावर उचलून घेतले. नामावलीनुसार ती नाशिक विरुद्ध लातूर अशी लढत होती. प्रत्यक्षात रोज एकमेकांशी जोर करणारे एकाच आखाड्यातील दोन जोडीदार समोरासमोर उभे होते. ज्याच्याशी झुंजून मल्ल तयार होतो तो जोडीदार आणि ज्याने डाव शिकवला तो वस्ताद, या दोघांनाही नामावलीत स्थान नाही.

संभाव्य आक्षेप :
मल्ल नेहमीच आश्रयाच्या शोधात फिरत आले आहेत, हा आक्षेप रास्त आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात दूरदूरच्या मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. अन्य जिल्ह्याकडून खेळण्यात मल्लाचा काहीच दोष नाही. बाला रफिकच्या कष्टांनी बुलढाण्याला मान मिळाला, ही कृतज्ञतेची बाब आहे. प्रश्न मल्लाचा नसून आपण त्या मानाचा कोणता अर्थ लावतो याचा आहे. शाहू महाराजांनी बाहेरचे मल्ल आणले त्याचबरोबर तालमीही उभारल्या. विदर्भातही १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पायाभरणी केली. नावाआधी व्यवस्था उभी राहिली, हा दोन्ही उदाहरणांचा बोध होय.

निष्कर्ष :
बुलढाण्याने महाराष्ट्र केसरी जिंकला, असे विधान आपण अभिमानाने करतो. परंतु मेहकर, चिखली वा खामगाव तालुक्यातील एखाद्या मुलाने उद्या अंगाला माती लावायची ठरवली तर त्याला वस्ताद, खुराक आणि जोडीदार आपल्याच जिल्ह्यात मिळेल काय, याचे उत्तर त्या विधानात नाही. गदेच्या समाधानात हा प्रश्न झाकला जाणे हाच नामावलीचा खरा धोका आहे.

म्हणून नामावलीत जन्मगाव, पहिला आखाडा, वस्ताद आणि प्रतिनिधित्वाचा जिल्हा असे चार स्वतंत्र रकाने असावेत, अशी सूचना करावीशी वाटते. तसेच जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी गावोगावच्या जुन्या वस्तादांच्या मुलाखती घेऊन यात्रांतील दंगलींचा आणि आखाड्यांचा मौखिक इतिहास संकलित करावा. हे काम वस्ताद हयात आहेत तोवरच होऊ शकते. त्यातून जिल्ह्याचे नाव नामावलीत कसे आले याबरोबरच जिल्ह्यातील माती कोणी आणि किती काळ जागती ठेवली, हेही पुढील पिढीला कळेल.