मैना कोण गाणार?

नाटककार विद्याधर गोखले अमरावतीचे. 1924 साली ते इथे जन्मले. पुढे मुंबईत पत्रकारिता करता करता त्यांनी ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’, ‘मेघमल्हार’ लिहिली आणि 1960च्या दशकात दमलेल्या संगीत रंगभूमीत पुन्हा धुगधुगी आणली. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत ही नावे येतात. त्यांनी गायिका-नटीसाठी लिहिलेल्या सगळ्यात अवघड भूमिकेचे नाव मात्र क्वचितच निघते. ती म्हणजे ‘स्वरसम्राज्ञी’तली मैना, आणि ती उभी केली कीर्ती शिलेदार यांनी.

कथेचा मूळ धागा शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा. याच नाटकावरून 1956 साली ‘माय फेअर लेडी’ हे इंग्रजी संगीतक झाले आणि 1975 मध्ये पुलंची ‘ती फुलराणी’ आली. त्या दोन्हींत मुलगी बदलते ती बोलण्यातून, उच्चारांतून. गोखल्यांनी धाडस केले. त्यांची मैना तमाशातली, आणि ती बदलते गाण्यातून. लावणीचा मोकळा, रांगडा आवाज हळूहळू शास्त्रीय गायकीच्या शिस्तीत येतो, आणि तोच नाटकाचा प्रवास. पद कापले तर कथानकच कापले जाते. इतर अनेक संगीत नाटकांत चार पदे गाळली तरी गोष्ट पुढे सरकते. इथे ती सोय नाही. म्हणून ही भूमिका नुसत्या सुरेल गळ्याला पेलत नाही. तयार आवाजाच्या बाईला आधी कच्चे गावे लागते, आणि ते कच्चेपण बेसूर न होता दिसावे लागते.

कीर्तीताईंना हे जमले, कारण त्या नाटकातच वाढल्या. जयराम आणि जयमाला शिलेदार यांची ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था 1949ची. कीर्तीताईंचा जन्म 1952चा. आई बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर उभी राहिलेली. सुभद्रा, रुक्मिणी, कान्होपात्रा या भूमिका त्या घरात पाठांतरासारख्या नव्हे, रोजच्या बोलण्यासारख्या होत्या.

या कलेचे मर्म एका अगदी छोट्या जागेत असते. संवादाचे शेवटचे वाक्य चालू असते, ऑर्गनवर स्वर धरलेला असतो, तबलजी हात उचलून थांबलेला असतो. सामान्य गायिका वाक्य संपवते, क्षणभर थांबते, श्वास घेते, चेहरा प्रेक्षकांकडे करते आणि ‘आता गाणे’ अशा थाटात सुरू होते. जाणकार नटीचे शेवटचे शब्दच स्वराकडे झुकू लागतात. बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे लागले, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. तान संपल्यावर परत बोलण्यात उतरताना तर खरी कसोटी, कारण टाळ्या आणि वन्समोर यांच्यामध्ये पात्र हरवलेले असते आणि ते शोधून आणावे लागते. शिलेदार घराण्याच्या गाण्यावरही हा आक्षेप घेता येतो: आलाप-तानांचा पसारा कधीकधी इतका वाढायचा की सुभद्रा बाजूला राहून मैफलच समोर यायची. मैनेत ते खपून गेले, कारण मैनेची गोष्टच गाणे होण्याची आहे.

गाणे आणि पात्र यांचा झगडा पाश्चात्त्य ऑपेरातही आहे. तिथली गायिका ध्वनिवर्धकाशिवाय भरल्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेते. आपल्या जुन्या नटांनाही तेच करावे लागे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस 2016 मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या ऑपेरा-गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. ज्या प्रेक्षकांनी कधी ऑपेरा पाहिला नाही त्यांनाही त्या आवाजाची ताकद कळते. ऑपेरात मात्र बहुतेक सगळेच गायले जाते, त्यामुळे बोलण्यातून गाण्यात शिरण्याचा आपला तो अवघड सांधा तिथे फारसा नाही. ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून पुलंनी केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त (1978) तर गाण्यासाठी पात्रातून मुद्दाम बाहेर यायचे होते. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या गायिका-नटीने तेही करून दाखवले. म्हणजे मराठीत वाटा तीन-चार होत्या. आज चालू आहे ती बहुतेक एकच: नाट्यगीतांची मैफल. निवेदक, काठाची साडी, ओळीने दहा पदे. गळे उत्तम, तालीम पक्की. पण नायिका कोणावर रागावली आहे हे निवेदकाने सांगायचे. ही कलेची जपणूक आहे असे मी मानत नाही. पदाला त्याचे पात्र परत दिल्याशिवाय ते पद अर्धेच राहते.

आणि हे वऱ्हाडातून लिहिताना जास्त टोचते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगाव-जळगाव जामोदकडे वकिली करत संगीत नाटकांना नव्या चालींची चटक लावली. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभी’ मास्टर दीनानाथांनी गाजवले. लेखणी इथली होती. रंगमंचावरचा आवाज बहुतांशी पुण्या-मुंबईचा, सांगलीचा, गोव्याचा.

आवाज इथे नाही असे मात्र नाही. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचे कीर्तन म्हणजे काय होते? लोकांना प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचे, ते उलटवायचे, आणि बोलता बोलता भजनात शिरायचे. वर सांगितलेला सांधाच तो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने तो गावोगाव नेला. आजही वलगावच्या भजनात एखादी मुलगी उभी राहते तेव्हा तिला माईक लागत नाही. तिचे कौतुक करताना शेजारची बाई म्हणते, “पोरगी गाते तं लय झ्याक, पण मानसात बोलाले लाजते.” उणीव नेमकी इथे आहे. याउलट विदर्भाच्या पूर्व टोकाला, वडसा-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात आणि बाया तिकिटाच्या प्रेक्षकांपुढे बोलतात, गातात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीमुळे. त्या नाटकांत गाणे अनेकदा कथेबाहेरचे असते, हे खरे. पण नटीला रोज प्रयोग मिळतो.

कीर्तीताई 2018 मध्ये मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि 22 जानेवारी 2022 रोजी गेल्या. मैना आता कोण गाणार, हा प्रश्न पुण्याला विचारून भागणार नाही. अमरावतीच्या एखाद्या हौशी संस्थेने ‘स्वरसम्राज्ञी’ हाती घ्यावी. पहिल्या अंकासाठी मुलगी संगीत विद्यालयात शोधू नये, भजनी मंडळात शोधावी. तिला आधी सहा महिने फक्त संवाद द्यावेत, मग पेटीवाला बसवावा. आणि पहिला प्रयोग अमरावतीच्या सभागृहात न लावता वलगावच्या शाळेच्या पटांगणात लावावा, माईक न लावता.