कंबर नसलेली माणसं : वारली चौक आणि त्याची भिंत

...तर मित्रहो, पिंपळे गुरवच्या या सभागृहात बसून मी वारली चित्रांबद्दल बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, त्यात नवीन काय? पुलाच्या खांबावर, सोसायटीच्या फाटकावर, कुर्त्यांवर, चहाच्या कपावर, सगळीकडे वारलीच तर आहे! माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

ही स्लाइड बघा. लग्नघराची आतली भिंत. शेणाने सारवलेली, वर गेरू. बांबूची काडी चावून केलेला कुंचला आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. हा लग्नचौक. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, माणसं. सवाशिणी तो ‘लिहितात’. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे एका घरासाठी, एका कार्यासाठी केलेली ही मांडणी. आजच्या कलेच्या भाषेत ‘स्थलविशिष्ट’ म्हणतात ना, ते इथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता माणसाचं शरीर बघा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कंबर जवळजवळ नाहीच, नुसता बिंदू! भात लावणारी बाई कुठून वाकते? मोळी उचलणारा कुठून वळतो? नेमकी तीच जागा रेषेने इतकी बारीक केली की सगळा तोल तिच्यावर आला. नाक-डोळे गाळले, पण वाकणं ठेवलं. मला ही फार मोठी अमूर्त रेखाटनाची समज वाटते. ‘साधी, भोळी कला’ म्हणणाऱ्यांनी हा बिंदू नीट पाहिलेला नाही.

मग भिंत सुटली की सगळं संपतं का? नाही, जिव्या सोमा मशे होते ना! डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. बायकांची ही कला या पुरुषाने रोजची केली. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे त्यांचं काम बाहेर पोचलं. १९८९ला पॅरिसचं प्रदर्शन, २००३ला ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँगसोबत. हा लाँग माळरानावर चालून चालून पायवाटेची रेषा उमटवणारा. जोडी छान होती. दोघांचीही रेषा अंगातून येते. मशेंचं मासेमारीचं जाळं आठवा. सगळी चौकट भरणारं, तरी थरथरणारं. तिथे चौक नाही, लग्न नाही, पण हात जिवंत आहे.

खांबावरच्या चित्रात मला तो हात सापडत नाही. बहुतेकदा साचा ठेवून रंग मारलेला. शंभर माणसं, एकच वाक! रंगवणाऱ्या पोरांचा दोष नाही, त्यांना चौरस फुटावर पैसे मिळतात. पण निविदा काढणाऱ्याला एकदा विचारावंसं वाटतं, की या खांबाजवळ रोज कोण वाकतं? भाजीवाली, पंक्चरवाला, पाठीवर खाण्याची पेटी घेतलेला डिलिव्हरीचा मुलगा. त्यांच्या कमरा कुठायत?

(श्रोत्यांतून : घरात काढलं तर चालेल का?) चालेल की! फक्त घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला विचारा, तो खिळासुद्धा ठोकू देत नाही. पुढची स्लाइड...