'जोडलेला' की 'न सुटलेला'?

मानेचा पहिला मणका, अ‍ॅटलस, क्वचित जन्मतःच कवटीच्या तळाशी एकसंध आढळतो. या अवस्थेस रूढ झालेली 'अ‍ॅसिमिलेशन' ही संज्ञा चिंत्य आहे. भाषाशास्त्रातही हीच संज्ञा आहे. परंतु 'सप्त'चे 'सत्त' होते तेव्हा दोन भिन्न वर्ण आधी असतात, मागाहून एकरूप होतात. येथे तसे घडत नाही. गर्भावस्थेत जे खंड विलग व्हावयाचे, ते विलग झालेलेच नसतात. क्लिपेल व फाइल यांनी १९१२ साली वर्णिलेल्या एकसंध मणक्यांनाही बहुतांशी हाच आक्षेप लागू पडतो.

दुसऱ्या मणक्याचा दंताकृती प्रवर्ध कधी सुट्या अस्थिखंडाच्या रूपात दिसतो. त्यास 'ऑस ओडोंटॉइडियम', म्हणजे नुसते 'दातासारखे हाड', म्हणतात. हा खंड पुष्कळ काळ जन्मजात मानला गेला. पुढे काही मुलांच्या आधीच्या क्ष-किरण चित्रांत प्रवर्ध अखंड असल्याचे आढळले, आणि दुखापतीचे कारण पुढे आले. उत्पत्तीविषयी मौन पाळणारे ते नाव म्हणूनच अधिक प्रामाणिक. (परिभाषाकारांना मौन सहसा साधत नाही.)

हा केवळ शब्दच्छल नव्हे. अ‍ॅटलसच्या मागील कमानीतील जन्मजात फटीला अपघातानंतर 'अस्थिभंग' म्हटले, की धडधाकट मान विनाकारण पट्ट्यात जखडली जाते.