उसना सूर आणि घडविलेला सूर

विजेच्या यंत्रांवर रचिलेल्या नृत्यसंगीतास आपल्या सुशिक्षित घरांतून अद्यापि संगीत म्हणावयासहि पुष्कळजण तयार नसतात. भिंती हादरविणारा ठोका आणि त्याच्या तालावर पहांटेपर्यंत नाचणारी तरुण मंडळी, एवढेंच त्याचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें. परंतु ज्या कलेनें गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जगांतील मोठमोठ्या शहरांतल्या तरुणांचे कान घडविले, तिच्याकडे पाहून नुसतें नाक मुरडून चालावयाचें नाहीं. तिच्यांतहि बरेंवाईट आहे, आणि तें ठरविण्याचे निकष शोधणें हें टीकेचें काम आहे. त्या दृष्टीनें ह्या कलेंतील एका जुन्या वादाचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे. वाद असा कीं, नृत्यसंगीत रचणाऱ्यानें सिंथेसायझर पसंत करावा कीं सॅम्प्लर? प्रश्न वरवर पाहतां दुकानांतील खरेदीचा वाटतो. पण थोडें खोल गेल्यास मौलिकता म्हणजे काय आणि दुसऱ्याचें ऋण कलावंतानें कसें मानावें, हे वाङ्मयाच्या वाचकास चांगले परिचित असलेले प्रश्न त्याच्या बुडाशीं आढळतात.

प्रथम ह्या दोन यंत्रांतील भेद पाहूं. सिंथेसायझर नाद मुळापासून घडवितो. विद्युत्प्रवाहाच्या आंदोलनांतून एक साधा स्वर उत्पन्न करावयाचा, त्यांतील नको असलेले अंश गाळून टाकावयाचे, त्याचा उठाव किती तीव्र, टिकाव किती वेळ आणि विराम किती सावकाश हें ठरवावयाचें, अशी त्याची रीत आहे. सॅम्प्लर असें कांहीं घडवीत नाहीं. कोठें तरी आधींच उमटलेल्या नादाचा एक तुकडा, मग तो ढोलाचा ठोका असो, गायिकेची एखादी हांक असो, कीं रेल्वेची शिट्टी असो, तो आपल्या स्मृतींत साठवितो आणि आज्ञा होतांच ऐकवितो. तो तुकडा उंच किंवा खालच्या स्वरांत वाजवितां येतो, कापतां, उलटवितां, लांबवितां येतो. परंतु त्याचा जन्म मात्र यंत्राबाहेर झालेला असतो. मातीच्या गोळ्यापासून मडकें घडविणारा कुंभार आणि पडक्या वाड्याचे चिरे आणून नवें घर बांधणारा गवंडी, ह्यांच्यांत जो फरक तोच ह्या दोहोंत आहे.

ह्यावरून दोन सोपीं मतें प्रचारांत आलीं आहेत. पहिलें मत असें कीं, सिंथेसायझर वापरणारा तो निर्माता आणि सॅम्प्लर वापरणारा तो उचल्या. दुसरें ह्याच्या अगदीं उलट: सिंथेसायझरचा नाद निर्जीव, आणि सॅम्प्लरच्या नादांत मात्र जित्याजागत्या माणसाचा श्वास. आमच्या मतें हीं दोन्ही मतें अपुरीं आहेत. कारण गुणदोष यंत्राच्या माथीं मारून दोहोंनींहि माणसाला मोकळें सोडलें आहे.

हा वाद नृत्यसंगीताहून जुना आहे. १९४८ सालीं पॅरिस येथील रेडिओच्या स्टुडिओंत प्येर शेफेर ह्यांनीं आगगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून, त्यांचे तुकडे जोडून एक रचना सिद्ध केली. जगांत जे नाद आहेत तेच संगीताचें द्रव्य, ही त्यांची भूमिका. पुढें १९५१ सालीं जर्मनींत कोलोन येथें दुसरा स्टुडिओ उभा राहिला. तेथील मंडळींचा आग्रह असा कीं, जगांतील उष्टा नाद नको, शुद्ध विद्युत्स्वरांपासून सर्व कांहीं नव्यानें घडवावें. दोन्ही पक्ष आपापल्या तत्त्वाला मोठ्या निष्ठेनें चिकटून होते. पण १९५६ सालीं त्याच कोलोनमध्यें कार्लहाइन्त्स स्टॉकहाउझेन ह्यांची जी रचना पुढें आली, तींत एका मुलाचा ध्वनिमुद्रित कंठस्वर आणि यंत्रानें घडविलेले स्वर इतके एकजीव झालेले होते कीं, एक कोठें संपतो आणि दुसरा कोठें सुरू होतो हें सांगणें कठीण जावें. तत्त्वाच्या वादास असें कलाकृतीनें उत्तर दिलें.

नृत्यसंगीतांत तोच वाद तालयंत्रांच्या रूपानें पुन्हां उद्भवला. १९८० सालीं दोन तालयंत्रें बाजारांत आलीं. अमेरिकेंतील रॉजर लिन ह्यांच्या एलएम-१ ह्या यंत्रांत खऱ्या ड्रमच्या आघातांचे नमुने साठविलेले होते आणि त्याची किंमत सुमारें ५,००० डॉलर होती. जपानच्या रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ मध्यें असा एकहि नमुना नव्हता. त्याचे सर्व आघात विजेच्या मंडलांतून घडविलेले, आणि किंमत सुमारें १,२०० डॉलर. ८०८ चा ठोका खऱ्या ड्रमसारखा वाजत नसे, हा त्या वेळीं दोष मानला गेला, आणि १९८३ सालीं त्याचें उत्पादन बंदहि झालें. पण तोच खोल, घुमणारा ठोका पुढें नृत्यगृहांना हवासा झाला. कारण ड्रमची नक्कल म्हणून तो उणा पडत असला तरी नाद म्हणून त्यास स्वतःचें रूप होतें. १९८३ मध्येंच निघालेलें टीआर-९०९ हें यंत्र तर अधिक बोधप्रद आहे. त्यांतील खर्जाचा ठोका घडविलेला आहे, पण झांजा मात्र ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या आहेत. ह्याचें कारण नादशास्त्रांत सांपडतें. मोठ्या ड्रमचा ठोका म्हणजे झपाट्यानें खालीं घसरत विरणारा जवळजवळ एकच स्वर, म्हणून तो घडविणें सोपें. झांजेच्या नादांत परस्परांशीं न जुळणाऱ्या असंख्य कंपनांची गर्दी, म्हणून तो उसना घेणें सोयीचें. शिकागोचें हाउस आणि डेट्रॉइटचें टेक्नो ह्या दोन संगीतप्रकारांच्या पायांत ह्या मिश्र यंत्राचा मोठा वाटा आहे.

सिंथेसायझरचा खरा गुण कोणता हें पाहावयाचें असेल, तर टीबी-३०३ ह्या लहानशा यंत्राची कथा लक्षांत घ्यावी. एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून रोलंडनें तें काढलें. त्या कामीं तें साफ नापास झालें आणि १९८४ सालीं बंद पडलें. जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागलेलें हें यंत्र शिकागोंतील तरुणांच्या हातीं आलें. फ्यूचर ह्या त्रिकुटानें १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ ह्या रचनेंत एकच लहानसें आवर्तन दहा मिनिटांहून अधिक वेळ फिरत राहतें. पण वाजत असतांनाच यंत्राच्या खुंट्या फिरविल्यामुळें त्याचा पोत क्षणोक्षणीं बदलत जातो. स्वर तेच, आणि नाद मात्र कधीं दबलेला, कधीं किंचाळणारा. नादाच्या जन्मस्थानींच हात घालण्याची ही सोय साठविलेल्या तुकड्यांत नाहीं. त्याला बाहेरून गाळणी लावतां येते, एवढेंच.

ह्या यंत्राचा मुंबईशींहि एक संबंध आहे. हिंदी चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग ह्यांनीं १९८२ सालीं, म्हणजे शिकागोच्या त्या रचनेपूर्वीं पांच वर्षें, भैरवी, ललत, तोडी, मालकंस इत्यादि दहा राग टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ह्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यांत वाजवून ध्वनिमुद्रित केले. त्या वेळीं ती तबकडी फारशी कोणीं घेतली नाहीं. २०१० सालीं तिचें पुनःप्रकाशन झालें तेव्हां युरोपांतील श्रोत्यांना तींत शिकागोच्या संगीताची आगाऊ चाहूल ऐकूं आली. टीबी-३०३ मध्यें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय आहे, ती आपल्या मींडेच्या जवळची आहे, आणि रागाच्या चालीला ती मानवते. राग तेथें पूर्णत्वानें उभा राहतो असें आम्ही म्हणत नाहीं. तो अखंड ठोका आलापाला विसावा म्हणून देत नाहीं. परंतु सतारीचे व सनईचे उसने तुकडे वर चिकटवून भारतीय रंग आणण्यापेक्षां, यंत्राच्या अंगचा गुण ओळखून त्यांतून रागाची चाल काढणें ही वृत्ति अधिक कलावंताची आहे.

तथापि सिंथेसायझर म्हणजेच मौलिकता असें समीकरण मांडूं नये. १९८३ सालीं निघालेल्या यामाहाच्या डीएक्स-७ मध्यें नाद घडविण्याची रीत इतकी किचकट होती कीं, बहुतेक वादकांनीं कारखान्यानें भरून दिलेले तयार नादच वापरले. त्यामुळें त्या दशकांतील कितीतरी गाण्यांत तोच एक विद्युत्-पियानो ऐकूं येतो. असा वादकहि उसनवारीच करीत असतो. फरक इतकाच कीं, त्याचा सावकार माणूस नसून कारखाना असतो. दुसरें उदाहरण न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा ह्यांच्या १९८२ सालच्या ‘प्लॅनेट रॉक’चें. तींत क्राफ्टवेर्क ह्या जर्मन मंडळीची धून घेतलेली आहे, पण ती सॅम्प्लरनें उचललेली नाहीं. सिंथेसायझरवर नव्यानें वाजविलेली आहे. तेव्हां उसनें घेण्यास सॅम्प्लरच लागतो असें नाहीं.

आतां सॅम्प्लरकडे वळूं. १९६९ सालीं द विन्स्टन्स ह्या अमेरिकन वाद्यवृंदाच्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ‘आमेन, ब्रदर’ नांवाची वाद्यरचना होती. तींत मध्येंच इतर वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक चार आवर्तनें एकटाच ड्रम वाजवितो. तो सारा भाग सुमारें ७ सेकंदांचा. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इंग्लंडांतील तरुणांनीं सॅम्प्लरच्या साह्यानें त्यांतील एकेक आघात सुटा केला, क्रम बदलला, गति मिनिटाला १६०-१७० मात्रांपर्यंत नेली, आणि त्यांतून ‘जंगल’ व ‘ड्रम अँड बेस’ हे प्रकार उभे राहिले. मनुष्याच्या हातास सहसा साधणार नाहीं अशी ती लय, आणि तरीहि प्रत्येक आघातांत मनुष्याचा हात: कातड्याचा ताण, खोलीचा घुमारा, ठोका किंचित् मागेंपुढें पडण्याची लकब. हें द्रव्य विजेच्या मंडलांतून मिळालें नसतें.

ही चोरी म्हणावी काय? आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं ह्या प्रश्नाचा हजार वर्षांपूर्वींच विचार करून ठेविला आहे. आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या शेवटच्या उद्योतांत दोन कवींच्या कृतींतील साम्याचे तीन प्रकार सांगितले: आरशांतील प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखें. पहिले दोन प्रकार त्याज्य, तिसरा ग्राह्य. कारण त्यांत देह सारखा दिसला तरी आत्मा निराळा असतो. पुढें राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त आणखी एक प्रकार सांगितला, त्यास तो परपुरप्रवेश म्हणतो. योगी जसा दुसऱ्याच्या देहांत शिरतो तसा हा प्रकार: मूळ वस्तु एकच, पण तिच्याभोंवतींची मांडणी अगदीं वेगळी. हा निकष सॅम्प्लरला चपखल बसतो. एखाद्या लोकप्रिय गाण्याचें ध्रुपद जसेंच्या तसें उचलून खालीं नवा ठोका बसवावा, हें प्रतिबिंब. त्यांत श्रोत्याला जें सुख होतें तें ओळखीचें, आणि त्याचें श्रेय मूळ गायकाचें. कोलमनच्या आघातांतून उभी राहिलेली नवी लय हा परपुरप्रवेश होय.

परंतु एका ठिकाणीं हा निकष पुरा पडत नाहीं, आणि आमच्या मतें वादाचें मर्म तेथेंच आहे. कवि दुसऱ्या कवीची कल्पना घेतो तेव्हां तिला शब्दरूप देण्याचे श्रम तरी त्याचे स्वतःचे असतात. सॅम्प्लर कल्पना घेत नाहीं. तो एका विशिष्ट माणसाचे एका विशिष्ट दिवसाचे श्रमच घेतो. कोलमनच्या त्या ७ सेकंदांवर हजारों रचना उभ्या राहिल्या. त्याला त्याबद्दल एक पैहि मिळाली नाहीं, आणि २००६ सालीं तो निर्धन अवस्थेंत वारला. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्यांना २०१५ सालीं चाहत्यांनीं वर्गणी काढून सुमारें २४,००० पौंड दिले. ही गोष्ट त्या चाहत्यांस भूषणावह आहे. पण त्यास दान म्हणावें, ऋणफेड म्हणतां येणार नाहीं. अमेरिकेंत १९९१ सालच्या एका न्यायालयीन निकालानंतर परवानगीवांचून तुकडा घेणें धोक्याचें झालें खरें. तथापि परवानगीचे पैसे ध्वनिमुद्रणाच्या मालकाला मिळतात, ड्रमवर बसलेल्या माणसापर्यंत ते पोंचतीलच असें नाहीं.

शिवाय येथें एक पेंच आहे. कलेच्या दृष्टीनें तुकडा जितका बदलावा तितकी कृति सरस. पण तो जितका बदलावा तितकें मूळ माणसाचें नांव पुसलें जातें. म्हणून रूपांतर केलें कीं ऋण फिटलें, असें मानतां येत नाहीं. आपल्याकडे गवई गुरूचें नांव घेतांना कानाच्या पाळीला हात लावतो. गाणें त्यानें कितीहि स्वतःचें करून घेतलें असलें तरी ही कबुली त्याला निराळी द्यावीच लागते. सॅम्प्लर वापरणाऱ्यानेंहि नांव निराळें सांगितलें पाहिजे आणि मोबदलाहि निराळा दिला पाहिजे.

आज दोन्ही यंत्रें एकाच संगणकांत सामावलीं आहेत आणि किंमतीचा प्रश्न बहुतांशीं मिटला आहे. त्यामुळें निवड अधिक मोकळी, आणि म्हणूनच अधिक जबाबदारीची झाली आहे. ज्याला खर्जाची लवचिक रेघ हवी आहे, एकच स्वर हळूहळू उमलवीत न्यावयाचा आहे, त्यानें सिंथेसायझर घ्यावा आणि तयार नादांची पेटी बंद ठेवून नाद घडविण्याचे कष्ट स्वतः करावे. ज्याच्या रचनेचा अर्थच एखाद्या हातांत, कंठांत किंवा जागेंत आहे, त्यानें सॅम्प्लर घ्यावा. मात्र ह्या तुकड्याला नवा जन्म देण्याची ताकद आपल्यांत आहे काय, आणि तो ज्याचा त्याचें देणें देण्याची तयारी आहे काय, हे दोन प्रश्न आधीं स्वतःस विचारावे. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकावर असा उद्योग करीत असेल, तर वडील मंडळींनींहि ‘हा गोंगाट कसला’ असें विचारण्याऐवजीं ‘हा ठोका कोणाचा’ असें विचारावें. त्या प्रश्नास सरळ उत्तर देतां येत नसेल, तर ओबडधोबड कां होईना, पण स्वतःचा ठोका घडविणें बरें. ८०८ चा ठोकाहि प्रथम लोकांना ओबडधोबडच वाटला होता.