डॉ. रफीक झकेरिया : आमदार व इतिहासलेखक

औरंगाबादेहून १९६२ सालीं महाराष्ट्र विधानसभेवर निवडून गेलेले व पुढें राज्याचे मंत्री झालेले डॉ. रफीक झकेरिया यांच्याविषयीं दोन विधानें नेहमीं कानीं पडतात. नवें औरंगाबाद त्यांनीं वसविलें, हें एक. आणि ते मोठे इतिहासकार होते, हें दुसरें. दोहोंचाही विचार साधनांच्या दृष्टीनें व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. (शहराचें सरकारी नांव २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर असें आहे, ज्या काळाचा विषय त्या काळचें नांव घेण्याचा प्रघात आम्ही पाळला आहे.)

चरित्राचा सांगाडा थोडक्यांत असा. जन्म ५ एप्रिल १९२०, सोपारें येथें. म्हणजे जेथें १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांनीं स्तूप उकरला त्याच गांवीं. मुंबई विद्यापीठाचें सुवर्णपदक, लंडनची डॉक्टरेट, लिंकन्स इन् येथून बॅरिस्टरी. निजामी राजवट १९४८ सालीं संपली होती व मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला होता. अशा प्रदेशांत मुंबईचा हा बॅरिस्टर उभा राहिला व निवडून आला. १९६३ सालीं औरंगाबादेस मौलाना आझाद महाविद्यालय निघालें तें त्यांच्याच पुढाकारानें. पुढें कांहीं वर्षें ते राज्यसभेंत होते. ९ जुलै २००५ रोजीं मुंबईस निधन झालें. दफन मात्र औरंगाबादेस, महाविद्यालयाच्या आवारांत.

आतां त्यांच्या ग्रंथांकडे वळूं. मंत्रिपदाच्या काळांत, १९६६ सालीं, 'रझिया : क्वीन ऑफ इंडिया' हें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. आमची हरकत नांवापासूनच सुरू होते. रझियेची कारकीर्द १२३६ ते १२४० ही. त्या चार वर्षांत देवगिरीस यादव सिंघण राज्य करीत होता, आणि त्याच्या पदरीं हिशेबाच्या दप्तरावर असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचला. दिल्लीच्या तख्ताचा हुकूम नर्मदेच्या दक्षिणेस पोंचण्यास अद्याप अर्धें शतक अवकाश होता. तेव्हां 'भारताची राणी' ही पदवी देवगिरीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हांस कशी पटावी? दुसरें असें कीं 'राणी' हा शब्दही मूळ साधनांस धरून नाहीं. समकालीन तवारीखकार मिन्हाज-उस्-सिराज तिला 'सुलतान' म्हणतो, आणि तिच्या नाण्यांवरही तीच पदवी आहे. राजाची बायको आणि स्वतः राज्य करणारी स्त्री यांतला भेद या एका शब्दांत आहे. भाषांतरांत तो गमावूं नये.

रझियेवर लिहिणाऱ्या कोणाचीही खरी परीक्षा साक्षीदारांपाशीं होते. मिन्हाजनें 'तबकात-इ-नासिरी' १२६० च्या सुमारास पुरी केली. तो रझियेच्या अंगचे राजगुण मोकळ्या मनानें मोजतो. पुरुषाचा जन्म न मिळाल्यानें त्यांचा उपयोग काय झाला, अशी हळहळही करतो. पण तिच्या शीलाविषयीं वावगें लिहीत नाहीं. घोड्यांचा दारोगा याकूत हा हबशी तिच्या मर्जींतला होता, इतकेंच तो सांगतो. हात देऊन तिला घोड्यावर बसविण्याची जी गोष्ट पुढें सर्वतोमुखीं झाली, ती तिच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनीं इसामीच्या 'फुतूह-उस्-सलातीन' या काव्यांत दिसते. स्त्रियेनें चरख्यापाशीं बसावें, तख्तापाशीं जाऊं नये, असाही उपदेश तेथेंच आहे. गंमत अशी कीं, हिंदुस्थानांतील चरख्याच्या अगदीं जुन्या उल्लेखांपैकीं एक म्हणून अभ्यासक याच स्थळाकडे बोट दाखवितात. रझियेची निंदा करतां करतां इसामी यंत्रविद्येच्या इतिहासास एक अनमोल पुरावा देऊन गेला!

हा इसामी कोठला? महंमद तुघलकानें १३२७ सालीं दिल्लीकरांस दक्षिणेंत हांकलून आणलें, त्यांत तो पोरवयांत आला. नव्वदीचा आजा वाटेंतच वारला. त्यानें काव्य संपविलें १३५० सालीं, दौलताबादेस. म्हणजे रझियेवरील मुख्य फिर्यादी झकेरिया यांच्या मतदारसंघापासून १५ किलोमीटरांच्या आसपास बसून लिहीत होता. मिन्हाज व इसामी यांच्या जबान्या शेजारीं शेजारीं मांडून कोणाचें किती खरें याचा निवाडा करण्यास बॅरिस्टराइतका योग्य पुरुष दुसरा कोण? पण सामान्य वाचकासाठीं कथेच्या ओघांत चरित्र सांगूं गेलें कीं साक्षीदारांचे आवाज एकमेकांत मिसळतात. मराठवाड्याचेच देवीसिंग चौहान हेही मंत्री होते. त्यांनीं मात्र जुन्या दख्खिनी ग्रंथांच्या संपादनाची किचकट वाट धरली. ती वाट लोकप्रिय नाहीं, पण आमच्या लेखीं तिचें मोल अधिक.

झकेरिया यांस ती वाट ठाऊक नव्हती असें मुळींच नाहीं. १९७० सालीं छापलेला 'राइज ऑफ मुस्लिम्स इन इंडियन पॉलिटिक्स' हा ग्रंथ त्याचें प्रमाण होय. त्याचें मूळ लंडनच्या प्रबंधांत असून काळ १८८५ ते १९०६ असा बेतून घेतलेला आहे. आमच्या मतें हीच त्यांची सर्वांत टिकाऊ कृति. परंतु २००१ सालीं त्यांनीं जीनांवर जो ग्रंथ लिहिला त्याचें नांव 'द मॅन हू डिव्हायडेड इंडिया', म्हणजे हिंदुस्थान दुभंगणारा मनुष्य. आगाखानांचें शिष्टमंडळ सिमल्यास लॉर्ड मिंटो यांस भेटलें १ ऑक्टोबर १९०६ रोजीं, आणि लीग डाक्क्यास निघाली त्याच वर्षाच्या डिसेंबरांत. त्याच महिन्यांत जीना कलकत्त्याच्या काँग्रेसमध्यें दादाभाईंचे चिटणीस होते. लीगमध्यें ते आले १९१३ सालीं. विभक्त मतदारसंघ तर १९०९ सालींच पदरांत पडले होते. मग दुभंगाचें सर्व खापर एका माणसाच्या माथीं कसें फुटावें? पन्नाशीच्या ग्रंथकारानें जमविलेला पुरावाच ऐंशीच्या ग्रंथकाराच्या मथळ्याविरुद्ध उभा राहतो. जीनांची जबाबदारी आम्ही कमी लेखीत नाहीं. मथळा वकिली आहे, इतकेंच आमचें म्हणणें.

आणि हाच न्याय झकेरिया यांच्या स्वतःच्या चरित्रासही लावला पाहिजे. सिडको १९७० सालीं स्थापन झाली, पुढें तिचें काम औरंगाबादेस आलें, आणि नगरविकास खात्याचे मंत्री म्हणून त्यांचें नांव नव्या शहराशीं जोडलें गेलें. तें योग्यच आहे. पण 'त्यांनीं शहर वसविलें' हें वाक्य बखरीचें आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, असें म्हणतांना नहरीचे पाट खणणारे हात जसे आपण विसरतों, तसेंच हें. मंत्र्यानें काय ठरविलें, आराखडा कोणी काढला, जमिनी कोणाच्या गेल्या व मोबदला काय मिळाला, हें कागदांवरून ठरावें. विधानसभेचीं छापील कामकाजें व राजपत्रें ग्रंथालयांत मिळतील. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालील 'मराठवाडा' पत्राचे अंक व शहरांतील उर्दू पत्रें पाहावीं लागतील. परंतु भूसंपादनाच्या नोटिसा, सात-बाराचे उतारे, मोबदल्याच्या पावत्या आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यांच्या पेट्यांत आहेत, आणि दर दिवाळीच्या सफाईंत त्या रद्दींत जात आहेत. मोडी फर्मानासाठीं शंभर कोस जाणाऱ्या आमच्या संग्राहक मित्रांनीं या पेट्याही उघडवून घ्याव्या. निदान प्रत्येक कागदाची नक्कल करून, गांव, गट क्रमांक व तारीख टिपून ठेवावी.